परीक्षेच्या दिवसांतली ‘अभ्यासाची गोळी’ : पालकांनी आणि मुलांनी काय समजून घ्यायला हवं

परीक्षा जवळ आली की घराची घडीच बदलते. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना ‘इम्तिहान झाल्यावर या’ असं सांगितलं जातं, अम्मी रात्री अकरा वाजता पुन्हा चहा ठेवते. नीट, जेईई, सीईटी, एमपीएससी, सीए, नर्सिंग, फार्मसी... यादी मोठी आहे आणि जागा कमी. २०२४ च्या नीटला देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं-मुली बसली. आपल्या अनेक घरांत कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी. कुणाच्या क्लासच्या फीसाठी दागिना गहाण पडलेला, कुणाचे अब्बू आखातात एकटे राहून पैसे पाठवतात. या सगळ्याचं ओझं मुलाच्या पाठीवर दप्तरासोबतच असतं.

याच दिवसांत हॉस्टेलच्या खोलीत किंवा अभ्यासिकेत एखादा मित्र हळूच सांगतो, “एक गोळी आहे. घेतलीस की रात्रभर झोप नाही, डोकं एकदम फोकस.” या गोळीला दारूचा वास नाही, सिगारेटचा धूर नाही. ती औषधाच्या पाकिटात येते, अभ्यासाच्या नावानं येते. त्यामुळे घेणाऱ्याला आपण नशा करतोय असं वाटत नाही, आणि घरच्यांना तर पत्ताही लागत नाही. मुलगा रात्रभर पुस्तक घेऊन बसलाय हे पाहून आपण उलट खूशच होतो.

म्हणून हा विषय आम्ही मांडतो आहोत. या गोळ्या काय आहेत, त्या कुणासाठी बनल्या, निरोगी मुलानं घेतल्या तर काय होतं, आणि ज्या मुलाला त्यांची खरोखर गरज आहे त्याच्याशी आपण कसं वागायचं, हे एकेक करून पाहू.

कोणत्या गोळ्यांबद्दल बोलतोय आपण?

इंग्रजीत ज्यांना ‘स्टिम्युलंट’ म्हणतात, म्हणजे मेंदूला उत्तेजना देणारी औषधं, त्यांचीच ही गोष्ट. यात प्रामुख्यानं तीन नावं येतात.

पहिलं मिथाइलफेनिडेट. ‘रिटालिन’ या नावानं ते जगभर ओळखलं जातं. लक्ष एका जागी न टिकणं, अति चंचलपणा, विचार न करता कृती करणं अशी लक्षणं असलेल्या एडीएचडी या विकारावर ते दिलं जातं. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझ्झोन यांनी ते १९४४ मध्ये तयार केलं, आणि औषधाला आपल्या बायकोच्या, रीटाच्या नावावरून रिटालिन हे नाव दिलं.

दुसरं अ‍ॅम्फेटामाइन गटातली औषधं. अमेरिकेतली ‘अ‍ॅडेरॉल’ ही गोळी याच गटातली. तिथल्या कॉलेजांत गैरवापराची चर्चा सर्वात जास्त हिचीच होते.

तिसरं मोडाफिनिल. हे एडीएचडीचं औषध नाही. दिवसाढवळ्या, बोलता बोलता, गाडी चालवताना अनावर झोप येण्याचा नार्कोलेप्सी नावाचा आजार असतो, त्यावरचं ते औषध. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१० मध्ये सगळा हिशेब पुन्हा मांडला आणि हे औषध फक्त नार्कोलेप्सीपुरतंच ठेवावं अशी शिफारस केली, कारण बाकीच्या वापरात फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला. आपल्याकडे ‘जागं ठेवणारी गोळी’ म्हणून जी हातोहात जाते, ती बहुतेकदा हीच.

मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाची दोन रसायनं निरोप पोचवण्याचं काम करतात. उत्साह, लक्ष, ‘हे काम कर, मजा येईल’ ही भावना, सावधपणा या सगळ्यांशी त्यांचा संबंध आहे. काम झालं की मेंदूच्या पेशी ही रसायनं परत आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ते परत ओढणं रोखतं, त्यामुळे रसायनं जास्त वेळ बाहेर राहतात. अ‍ॅम्फेटामाइन त्याहून पुढे जाऊन पेशींतला साठाही बाहेर ढकलतं. एडीएचडी असलेल्या मेंदूत जिथे कमतरता आहे तिथे योग्य मात्रेत हे औषध घडी बसवतं. जिथे घडी आधीच बसलेली आहे तिथे ते काय करतं, हाच खरा प्रश्न आहे.

एकच वर्ष, एकच औषध, दोन वाटा

१९३७ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींत एकच औषध होतं : बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन.

ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांचं एक रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना हे औषध आपल्या देखरेखीखाली दिलं. त्यातल्या १४ मुलांच्या शाळेच्या कामात लक्षात येण्यासारखा बदल झाला. चंचल मुलं शांत बसून गणितं करू लागली. एडीएचडीवरच्या आजच्या उपचारांची सुरुवात तिथून मानली जाते.

त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एका प्रयोगाच्या निमित्तानं याच औषधाची ओळख झाली. प्रयोग संपला, पण परीक्षेच्या रात्री जागायला मुलं ते स्वतःच घेऊ लागली. डॉक्टरांच्या नियतकालिकांनी तेव्हाच धोक्याची घंटा वाजवली होती.

म्हणजे ही गोळी आली तेव्हाच तिच्या दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर डॉक्टर होता, तपासणी होती, मोजलेली मात्रा होती. दुसऱ्या वाटेवर मित्र होता आणि उद्याचा पेपर होता. गोळी तीच. आज जवळपास ९० वर्षांनंतरही फरक तेवढाच आहे, आणि तो फरक समजला की निम्मा विषय समजला.

दुसऱ्या वाटेवर किती मुलं आहेत? अमेरिकेतल्या ११९ महाविद्यालयांतल्या १०,९०४ विद्यार्थ्यांची एक मोठी पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६.९ टक्के विद्यार्थ्यांनी आयुष्यात कधी ना कधी अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेतली होती. या पाहणीतली एक गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. ज्यांचे मार्क कमी होते, त्यांच्यात गोळी घेण्याचं प्रमाण जास्त होतं. गोळीमुळे मार्क कमी झाले असा याचा अर्थ नाही. पण ‘टॉपर लोक हीच घेतात’ हे जे कानात सांगितलं जातं, त्याला या आकड्यांत आधार मिळत नाही.

गोळीनं हुशारी वाढते का?

गोळी घेतलेला मुलगा शपथेवर सांगेल की त्याला फरक पडला. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. पण वाटणं आणि होणं यांत अंतर आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ निरोगी तरुणांना एकदा अ‍ॅम्फेटामाइनची गोळी दिली, एकदा औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. मग स्मरणशक्ती, विचारशक्ती, कल्पकता अशा अनेक चाचण्या घेतल्या. बहुतेक चाचण्यांत दोन्ही वेळच्या कामगिरीत ठोस फरक सापडला नाही. मात्र खरी गोळी घेतली तेव्हा त्यांना स्वतःची कामगिरी सुधारल्यासारखं वाटलं. थोडक्यात, गोळीनं वाढला तो आत्मविश्वास. अभ्यास तिथेच राहिला.

दुसरा प्रयोग याहून डोळे उघडणारा आहे. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०२३ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात मांडला. १८ ते ३५ वयाचे ४० निरोगी लोक घेतले. त्यांना वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, डेक्सअ‍ॅम्फेटामाइन आणि औषध नसलेली गोळी दिली. मग एक कोडं सोडवायला लावलं. समजा तुमच्याकडे एक पिशवी आहे, तिच्यात ठरावीक वजनच मावतं. समोर वेगवेगळ्या वजनाच्या आणि किमतीच्या वस्तू आहेत. कोणत्या वस्तू भरल्या म्हणजे पिशवीतल्या मालाची किंमत सर्वात जास्त होईल? बाजारात पैसे मोजून सामान घेणारी आपली अम्मी रोज असलंच काहीतरी मनात करत असते.

निकाल असा आला : औषध घेतलेल्यांनी मेहनत जास्त केली. त्यांनी वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या, वेळही जास्त लावला. पण त्यांच्या निवडीचा दर्जा घसरला. विचार करून हात घालण्याऐवजी ते अंदाजे वस्तू हलवत राहिले. आणखी एक बाब अशी की जे लोक औषधाविना सरासरीपेक्षा चांगले होते, ते औषध घेतल्यावर बरेचदा सरासरीच्या खाली आले. म्हणजे मुळातच हुशार असलेल्या मुलाचं नुकसान होण्याची शक्यता जास्त.

हे आपल्या परीक्षेला लावून पाहा. नीटच्या पेपरात चुकीच्या उत्तराला मार्क कापले जातात. तिथे वेगानं आणि पूर्ण खात्रीनं चुकीचा गोल रंगवणारा हात काय कामाचा?

झोप उसनी मिळत नाही

दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं मोठं काम झोपेत होतं. गाढ झोपेत मेंदू दिवसाच्या आठवणी पुन्हा चाळतो आणि ठेवण्यासारख्या जागेवर लावतो. रात्रभर जागून वाचणारा मुलगा पिकाला पाणी देतो खरा, पण मुरायला वेळच देत नाही. १८ ते २५ वयाच्या तरुणांना रोज ७ ते ९ तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

मोडाफिनिल शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण १२ ते १५ तास लागतात. म्हणजे रात्री १० वाजता घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता, पेपर सुरू असताना, अर्ध्याहून जास्त अंगात असते. मुलाला वाटतं रात्र जिंकली. पण दुसऱ्या रात्रीही झोप नीट येत नाही. मग कुणीतरी झोपेची गोळी सुचवतं. सकाळी जागं करणारी, रात्री झोपवणारी, असं चक्र सुरू होतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोप आणि चिंतेवरच्या गोळ्यांची स्वतःचीच सवय लागते, आणि ती सोडवणं आणखी कठीण.

शरीरावर काय होतं?

भूक मरते. तोंड कोरडं पडतं, डोकं दुखतं. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. हात थरथरतात, पोटात गोळा येतो, जीव घाबरा होतो. आधीच परीक्षेची धास्ती असलेल्या मुलाला यातलं अर्धं ‘टेन्शन’ वाटतं आणि अर्धं ‘गोळी काम करतेय’ असं वाटतं. ज्याच्या हृदयात जन्मापासून काही दोष आहे आणि तो कुणाला माहीतच नाही, त्याच्यासाठी हा खेळ जिवावर बेतू शकतो. क्वचित, विशेषतः मोठ्या मात्रेनंतर, कानात आवाज येणं, सगळे आपल्या विरुद्ध आहेत असा संशय येणं, अशी मनोविकाराची लक्षणंही दिसतात.

मोडाफिनिलमुळे क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठून त्वचा सोलवटते. पुरळ दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे धावावं लागतं. विवाहित विद्यार्थिनींनी आणखी एक लक्षात ठेवावं. हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, आणि गरोदरपणात घेतलं तर बाळात दोष येण्याचा धोका सांगितला गेला आहे.

यात एनर्जी ड्रिंकची भर पडते. आपल्याकडच्या नियमानुसार अशा पेयांत एका लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं. म्हणजे २५० मिलीच्या एका डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत. गोळी, दोन डबे आणि वरून अम्मीचा कडक चहा, हे सगळं एकाच हृदयावर येतं.

सवय लागते का? डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत हा धोका कमी असतो. मनानं घेताना मात्रा वाढत जाते, कारण पहिल्या दिवशी जे अर्ध्या गोळीत झालं ते महिन्याभरात होईनासं होतं. बंद केली की थकवा, उदासी, चिडचिड, कशातच मन न लागणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मे २०२३ मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांच्या पाकिटावरचा गैरवापराचा आणि व्यसनाचा इशारा आणखी ठळक करायला लावला, तो याच कारणानं.

आणि बाजारातली गोळी खरी असेलच असं कुठे आहे? मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. अ‍ॅडेरॉलसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटॅनिल हे जीवघेणं रसायन असल्याचा इशारा तेव्हा विद्यापीठ परिसरात देण्यात आला होता. शिकायला परदेशी गेलेली आपली मुलं अशाच आवारांत राहतात.

कायद्याचा भाग

‘औषधच आहे, दुकानात मिळतं’ असं म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. मिथाइलफेनिडेट आपल्या औषध नियमांच्या ‘शेड्यूल एक्स’मध्ये आहे. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. शिवाय हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या यादीतही आहे. चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं, मित्राला ‘दोन गोळ्या दे’ म्हणून विकणं किंवा नुसतं वाटणं, यातून मुलाच्या नावावर गुन्हा लागू शकतो. डॉक्टर, वकील, अधिकारी व्हायला निघालेल्या मुलाचं पोलीस पडताळणीत काय होईल, हे सांगायला नको.

याच कायद्यात एक दिलाशाची बाजूही आहे. व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर थोड्या प्रमाणाच्या प्रकरणात त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम आहे. म्हणून भीतीपोटी लपवू नका.

ज्यांचं कुणी आखातात आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आखाती देशांत उत्तेजक औषधांवर फार कडक नजर असते. त्याचं एक कारण ‘कॅप्टागॉन’. १९६१ मध्ये जर्मनीत औषध म्हणून तयार झालेली ही गोळी १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदीच्या यादीत गेली, पण तिच्या नावाच्या बनावट गोळ्यांचा काळाबाजार अरब देशांत फोफावला. तिथेही विद्यार्थी परीक्षेत जागण्यासाठी त्या घेतात. त्यामुळे कुणा ओळखीच्याची ‘फक्त एवढं पाकीट पोचव’ म्हणून दिलेली औषधं बॅगेत घालू नका. स्वतःची औषधं न्यायची असतील तर मूळ पाकीट, चिठ्ठी आणि त्या देशाची आधी घेतलेली परवानगी सोबत हवी.

दीनच्या नजरेतून

मुलं विचारतात, “ही दारू थोडीच आहे? मग हराम कशी?” प्रत्येक गोळीचा शरई हुकूम काय, हे आम्ही सांगणार नाही. ते आपल्या भागातल्या जाणत्या मुफ्ती साहेबांना विचारावं. पण काही गोष्टी आपल्याला लहानपणापासून शिकवलेल्या आहेत.

शरीयतचे जे मोठे उद्देश आलिमांनी सांगितले, त्यात दीन, जान, अक्ल, नस्ल आणि माल या पाच गोष्टींची हिफाजत येते. इथे जान आणि अक्ल दोन्ही पणाला लागतात. आपलं शरीर आपल्याकडे अमानत आहे, त्याचाही आपल्यावर हक्क आहे, हे आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो. आजारी माणसानं उपचार घ्यावेत हीसुद्धा आपलीच शिकवण आहे. म्हणून आजाऱ्यानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध घेणं आणि निरोग्यानं मार्कांसाठी तेच औषध गिळणं, या दोन गोष्टी एका तराजूत बसत नाहीत.

दुसरा मुद्दा प्रामाणिकपणाचा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०११ मध्ये आपल्या नियमांत बदल केला आणि परवानगीविना अशी गोळी घेऊन अभ्यासात सरशी मिळवणं हे फसवणुकीत धरलं. कॉपी करणं चूक आहे हे आपण मुलांना शिकवतो. मग हेही त्याच धड्यात बसतं का, हा प्रश्न त्यांच्यासमोर जरूर ठेवावा.

ज्याला खरंच गरज आहे, त्याला लाजवू नका

इथवर वाचून एखादे अब्बू म्हणतील, “बस्स, आजपासून या गोळ्या घरात नकोत.” थांबा. कदाचित तुमच्याच घरात एखादा मुलगा असेल ज्याला ही गोळी डॉक्टरांनी दिली आहे.

एडीएचडी हा खरा विकार आहे. तो आळस नाही, हट्ट नाही, नजर लागणं नाही आणि आईच्या लाडाचा परिणामही नाही. त्याचं निदान रक्ताच्या चाचणीत होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ मुलाशी, आई-वडिलांशी, शक्य तर शिक्षकांशी बोलतात. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का आणि घरात, शाळेत अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, हे पाहतात. त्यामुळे परीक्षेच्या महिन्यात अचानक ‘लक्ष लागत नाही’ म्हणून कुणी स्वतःलाच एडीएचडी लावून घेऊ नये. मोबाईलवर दहा प्रश्नांची चाचणी देऊन तर मुळीच नाही. लक्ष न लागण्यामागे झोप कमी असणं, चिंता, उदासी, रक्ताची कमतरता, थायरॉईड अशी कितीतरी कारणं असू शकतात.

आणि ज्याचं निदान झालं आहे त्याच्या दोन अडचणी असतात. एक, घरातले म्हणतात, ‘पागलपणाची गोळी खातो’. दोन, मित्र म्हणतात, ‘दोन गोळ्या आम्हाला पण दे’. दोन्हींपासून त्याला वाचवणं आपलं काम. गोळ्या मोजून, कुलपात ठेवा. मुलाला एक वाक्य शिकवून ठेवा : “अम्मी मोजून देते, माझ्याकडे नसतातच.” मित्राशी वैर न घेता सुटका होते.

रमजानमध्ये हा प्रश्न हमखास येतो. रोजा आहे म्हणून स्वतःच गोळी बंद करू नका, आणि दोन वेळच्या गोळ्या एकदम सहरीलाही घेऊ नका. रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. दिवसातून एकदाच घ्यायची, बराच वेळ परिणाम टिकणारी गोळी सहरीला चालेल का, हे ते ठरवू शकतात. या औषधानं भूक कमी होते, म्हणून इफ्तार आणि सहरीला मूल नीट जेवतंय, पाणी पितंय ना, याकडे लक्ष हवं.

घरात काय करायचं?

आधी खुणा ओळखा. सलग दोन-दोन रात्री जागूनही मूल थकलेलं दिसत नाही. जेवण जवळपास बंद. बोलणं भरभर, छोट्या गोष्टीवर संताप. परीक्षा संपताच दोन दिवस झोपून राहणं आणि नंतरची खोल उदासी. पैशांचा हिशेब न लागणं, बॅगेत नाव खरवडलेलं पाकीट सापडणं. यातलं एखाददुसरं लक्षण परीक्षेच्या ताणानंही दिसतं, म्हणून लगेच आरोप नको.

मग बोला. ‘नशा करतोस का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार, कारण त्याच्या लेखी ती नशा नाहीच. त्याऐवजी विचारा, “बेटा, जागायला काही घेतोस का? मित्र काही घेतात का?” रागावून खोलीची झडती घेतल्यानं पाकीट मिळेल, पण मूल हातचं जाईल. बाहेर हॉस्टेलला असेल तर फोनवर ‘किती वाचून झालं?’ याच्या आधी ‘काल किती वाजता झोपलास?’ हे विचारायची सवय लावा.

बऱ्याच दिवसांपासून गोळी चालू असेल, तर जबरदस्तीनं एका दिवसात बंद करून मुलाला एकटं सोडू नका. सोडतानाची उदासी कधी कधी फार खोल जाते. डॉक्टरांना खरं खरं सांगा. छातीत दुखणं, झटका येणं, भास होणं, जीव देण्याच्या गोष्टी बोलणं, यापैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

मदतीसाठी सरकारचा ‘टेली-मानस’ हा फोन क्रमांक आहे : १४४१६. तिथे मराठीसह अनेक भाषांत, मोफत, दिवस-रात्र समुपदेशकाशी बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचार मिळतात. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

गोळीऐवजी काय?

ज्या उपायांनी खरोखर फरक पडतो ते जुनेच आहेत, आणि फुकट आहेत. इशानंतर लवकर झोपून फज्रला उठणाऱ्या मुलाला दिवसाचा सर्वात शांत वेळ अभ्यासाला मिळतो. दुपारची वीस मिनिटांची कैलुला थकलेलं डोकं ताजं करते. एकच धडा एका रात्री दहा वेळा वाचण्यापेक्षा चार दिवसांच्या अंतरानं तीनदा उजळणी केली तर तो जास्त लक्षात राहतो. पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारणं, घड्याळ लावून जुने पेपर सोडवणं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणं, हे सगळं कोणत्याही गोळीपेक्षा भरवशाचं आहे. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी कमी केला तर झोप आपोआप सुधारते.

यातला सर्वात मोठा उपाय मात्र मोठ्यांच्या हातात आहे. मूल गोळीकडे वळतं तेव्हा बहुतेकदा त्याला अभ्यासापेक्षा नापास होण्याची जास्त भीती असते. दागिना गहाण आहे, खालाच्या मुलाला एमबीबीएस मिळालं, मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून झालंय, हे त्याला रोज ऐकू येत असतं. जकात फंडातून शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था, मोहल्ल्याच्या अभ्यासिका, क्लास चालवणारे आपले शिक्षक यांनीही मुलांशी फक्त कट-ऑफबद्दल बोलू नये. वर्षातून एकदा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला बोलवावं, पालकांनाही बसवावं. मशिदीत परीक्षेआधी दुआ होते तेव्हा इमाम साहेबांनी दोन मिनिटं झोप आणि गोळ्यांबद्दलही बोललं, तर ते घरोघरी पोचेल.

आणि आज रात्री मुलगा किंवा मुलगी पुस्तक घेऊन बसली असेल, तर चहाचा दुसरा कप देण्याआधी एवढंच म्हणा : “आता झोप, उरलेलं फज्रनंतर वाच. निकाल काहीही लागो, आम्ही आहोत.”